आवाज ओळखीचा, आज्ञा कोणाची?

सुवर्णमृगाचे रूप घेतलेल्या मारीचाने मरता मरता रामाच्या आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारली. आवाज हुबेहूब होता. सीता व्याकूळ झाली, लक्ष्मणाला मात्र शंका आली. राम अशी आर्त हाक मारणार नाही, हे तो जाणून होता. पुढे सीतेच्या कठोर शब्दांमुळे त्याला पर्णकुटी सोडावी लागली आणि व्हायचा तो अनर्थ झाला. कामाच्या ठिकाणची संपर्कसाधने बोलणाऱ्याची ओळख त्याच्या आवाजावरून पटवू लागली असताना या कथेचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.

प्रत्येक माणसाच्या कंठाची, मुखाची आणि नासिकेची ठेवण निराळी असते. बोलण्याची लय व आघातही निराळे असतात. यंत्र या वैशिष्ट्यांचा नमुना साठवते आणि पुढच्या वेळी आलेला आवाज त्याच्याशी ताडून पाहते. भारतात आयसीआयसीआय बँकेने २०१५ साली ग्राहकांसाठी ही सोय आणली. ग्राहकांसाठी आलेले हे तंत्र कर्मचाऱ्यांच्या हातातील संचातही बसवता येते.

या तंत्राची गरज आणि मर्यादा दोन्ही एकत्र पाहायच्या असतील, तर गोंदिया जिल्ह्याकडे पाहावे. देवरी, सालेकसा, केशोरी हा पट्टा अनेक वर्षे नक्षली हिंसाचाराने होरपळला. तेथील दूरक्षेत्रांना बिनतारी संच हाच आधार राहिला. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातील वनरक्षकाचीही तीच स्थिती. आधुनिक डिजिटल संच स्वतःचा क्रमांक नियंत्रण कक्षाला कळवतो, पण तो कोणाच्या हातात आहे हे सांगत नाही. संच शत्रूच्या हाती पडला, तर त्यावरून खोटा संदेश देता येतो. अशा वेळी बोलणाऱ्याचा आवाज तपासणारी यंत्रणा असणे निश्चितच उपकारक ठरेल.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही आहे. चकमकीत धापा टाकत मदत मागणाऱ्या जवानाचा आवाज हा प्रशिक्षण केंद्रात शांतपणे नोंदवलेला आवाज नसतो. पाऊस, वाऱ्याचा घोंघाट, सर्दी आणि भीती या सर्वांनी तो बदलतो. याच जिल्ह्यात झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी बोलणारी माणसे आहेत. शहरी आवाजांवर घडवलेले यंत्र त्यांच्या बाबतीत किती खरे उतरते, हे तेथेच तपासले पाहिजे. यंत्राने शत्रूला आपला मानणे जितके घातक, तितकेच आपल्या जवानाला परका ठरवणेही घातक. म्हणून आवाज जुळला नाही, एवढ्याच कारणाने मदतीची हाक नाकारली जाता कामा नये.

आवाज जुळला म्हणून निश्चिंत राहण्याचे दिवसही संपले आहेत. २०१७ साली ब्रिटनमध्ये बीबीसीच्या एका वार्ताहराच्या जुळ्या भावाने नक्कल करून एचएसबीसी बँकेची आवाज-तपासणी चकवली. २०१९ साली तेथीलच एका ऊर्जा कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या जर्मन मातृकंपनीच्या प्रमुखाचा म्हणून फोन आला. आवाज कृत्रिम होता. पण त्यावर विश्वासून सुमारे २,२०,००० युरो परक्या खात्यात गेले. आज अशी नक्कल करण्यास थोड्याशा ध्वनिमुद्रणावर भागते. मारीचाला मायावी विद्या लागत होती. आज संगणक पुरतो.

यावरचा उपाय गोंदियाच्या रेल्वेमार्गावर फार पूर्वीपासून माहीत आहे. सिग्नलशी न जोडलेल्या फाटकावर स्टेशन मास्तर फोनवरून फाटक बंद करण्यास सांगतो, तेव्हा फाटकवाला केवळ ‘बंद केले’ असे म्हणून थांबत नाही. छापील तक्त्यावरील एक अंक तो सांगतो. रेल्वेच्या भाषेत हा ‘प्रायव्हेट नंबर’. वापरलेला अंक खोडला जातो. दोघांचा वीस वर्षांचा परिचय असला तरी अंकावाचून काम पूर्ण झाले असे मानले जात नाही. गडकिल्ल्यांवरील परवलीच्या शब्दामागेही हीच शिस्त होती. आवाजाची तपासणी या शिस्तीच्या जोडीला यावी, तिच्या जागी नव्हे.

आणखी एक प्रश्न कर्मचाऱ्याच्या हक्काचा आहे. परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो. कंठ बदलता येत नाही. पोलिसांना तपासासाठी आवाजाचा नमुना हवा असेल, तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दंडाधिकाऱ्याचा हा अधिकार मान्य केला आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४९व्या कलमात तो आला. याउलट, २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे सातवे कलम नोकरीच्या प्रयोजनासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना हाताळण्याची मुभा मालकाला देते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. आरोपीच्या आवाजासाठी दंडाधिकारी लागावा आणि प्रामाणिक कामगाराच्या आवाजासाठी मालकाची इच्छा पुरावी, ही विसंगती आहे. भारतीय मजदूर संघासारख्या संघटनांनी हा विषय हाती घेतला पाहिजे. नमुना कोठे राहील, कोण ऐकेल आणि नोकरी सुटल्यावर तो केव्हा नष्ट होईल, हे लेखी ठरले पाहिजे. सुरक्षा दलांचे नमुने तर देशाच्या सीमेबाहेरील संगणकांवर जाताच कामा नयेत. १९८८पासून पुण्यात कार्यरत असलेले सी-डॅक आणि २०२२चा भाषिणी उपक्रम हाताशी असताना या क्षेत्रात स्वदेशीचा आग्रह म्हणजे केवळ भावनेचा प्रश्न नव्हे, तो सुरक्षेचा प्रश्न आहे.

हा विचार घराच्या उंबरठ्याशीही येतो. मुलाच्या आवाजात रडवेला फोन आला आणि पैसे मागितले, तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर उलट फोन करावा. घराचा एक परवलीचा शब्दही ठरवून ठेवावा. हाक ऐकून धावून जाणे हा आपला संस्कार आहे. ती हाक कोणाची, हे पारखून घेणे हा त्या संस्काराला लागणारा विवेक आहे. पंचवटीत लक्ष्मणापाशी तो होता. आज तो प्रत्येक नियंत्रण कक्षात आणि प्रत्येक घरात असावा लागेल.