'विकत घ्या' म्हणे!

आजचा लेख भांडायच्या मूडमध्ये लिहिलाय, आधीच सांगून ठेवतो.

निमित्त आमच्या टीममधल्या एका मित्राचं. घर बदलताना त्याने दोन खोकी भरून डीव्हीडी किलोच्या भावाने घालवल्या, आणि वर मलाच शहाणपण: "अरे, आजकाल डिस्क कोण ठेवतं? हवा तो सिनेमा डाउनलोड होतो की!" हा माणूस रात्री सर्व्हर पडला की उठून बसायचा पगार घेतो, बरं का. दुसऱ्याच्या मशीनवर ठेवलेली वस्तू कायम तिथेच असेल यावर त्याचा इतका विश्वास कसा, देव जाणे.

मुळात 'डाउनलोड' या शब्दाचीच फसवणूक झालीये. डाउनलोड म्हणजे आपल्या हार्डडिस्कवर आलेली फाइल, कॉपी करा, पेनड्राइव्हवर घाला, आजोबांना नेऊन दाखवा, असा माझा तरी समज होता. आता अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' दाबलं की येते ती कुलूपबंद फाइल, तीही फक्त त्याच अ‍ॅपला उघडता येते. मुदत संपली की तुमच्याच फोनमधून ती गायब. याला मी डाउनलोड म्हणत नाही. हे भाड्याच्या खोलीत आपली पाटी लावणं झालं.

भाड्याबद्दल तक्रार नाही हो. महिन्याचे पैसे भरा, दिसेल ते बघा, व्यवहार स्वच्छ आहे. एकदाच बघायच्या सिनेमासाठी मीही तेच करतो. माझं भांडण आहे 'विकत घ्या' या बटणाशी. मी स्वतः एका दुकानातून (नाव जाऊ दे) एक सिनेमा असा 'विकत' घेतला. वर्षभराने यादीत नाव आहे, पण दाबलं तर 'उपलब्ध नाही'. ग्राहक सेवेचं उत्तर आलं, अटी वाचा. वाचल्या. मी सिनेमा घेतलेलाच नव्हता म्हणे, बघायचा परवाना घेतला होता. तोही ते म्हणतील तोवर!

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या गिऱ्हाइकांना कळवलं, की डिस्कव्हरीचे जे कार्यक्रम तुम्ही विकत घेतलेत ते वर्षाअखेर तुमच्या संग्रहातून निघून जातील. कारण काय, तर दोन कंपन्यांमधला करार. लोकांनी बोंबाबोंब केल्यावर करार वाढवला गेला, पण असं करता येतं हे तर कळलं ना! त्याआधी जुलै २०१९ मध्ये अल्ट्राव्हायोलेट नावाचं, मोठमोठ्या स्टुडिओंनी मिळून काढलेलं 'सिनेमाचं कपाट'च बंद झालं. शेवटी कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला, जो २०२५ पासून लागू आहे: परवाना विकताय हे स्पष्ट सांगत नसाल, तर 'विकत घ्या' हा शब्द वापरायचा नाही.

आणि नुसतं गायब होणं एक वेळ परवडलं. २०२३ मध्ये 'द फ्रेंच कनेक्शन'च्या काही ऑनलाइन प्रतींमधून एक शिवी असलेला तुकडा गुपचूप कापलेला लोकांच्या लक्षात आला. जानेवारी २०२४ मध्ये 'अन्नपूर्णी' हा तमिळ सिनेमा तक्रारींनंतर नेटफ्लिक्सवरून काढून टाकला गेला. सिनेमा बरा की वाईट, शिवी हवी की नको, तो वाद वेगळा. माझ्या कपाटातल्या डिस्कमध्ये रात्री येऊन कोणी कात्री चालवू शकत नाही, एवढंच म्हणणं आहे.

आता 'पण क्वालिटी तर तीच ना?' वाल्यांसाठी थोडं गणित. ४के साठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसचं कनेक्शन पुरेसं म्हणतं. पूर्ण १५ जरी धरले तरी दोन तासांचे होतात साडेतेरा जीबी. ४के ब्लू-रे डिस्क असते ६६ किंवा १०० जीबीची. दोन दिवसांची भाजी एकाच डब्यात कोंबली की जे होतं, ते अंधाऱ्या सीन्सचं होतं. २०१९ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा तो रात्रीच्या लढाईचा भाग आठवा. अर्ध्या जगाने टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून बघितला. शूटिंग मुद्दामच काळोखी होतं, पण पट्टे आणि चौकोन पाडायचं काम कॉम्प्रेशनचं.

पण क्वालिटी हा माझा खरा मुद्दा नाहीच. माझ्या घरातला सगळ्यात मोलाचा संग्रह सगळ्यात भिकार क्वालिटीचा आहे: बाबांनी जमवलेल्या मराठी सिनेमांच्या आणि नाटकांच्या व्हीसीडी. चित्र ३५२ गुणिले २८८, म्हणजे आजच्या टीव्हीवर पोस्टाच्या तिकिटाचं पोस्टर. २००७ मध्ये मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली, तेव्हा बाबा दर पगाराला दोन-तीन आणायचे. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, डिस्क अजून चालतात. सिनेमा निदान पुन्हा स्कॅन होईल, कुठेतरी प्रिंट असेल. नाटकाचं काय? त्यातला नट गेला, की तो प्रयोग त्या सीडीतच काय तो उरतो. यातली काही नाटकं मी शोधली. काही यूट्यूबवर आहेत, कोपऱ्यात कुणाचा तरी शिक्का आणि ऐन विनोदाच्या वेळी जाहिरात. बाकीची सापडली नाहीत.

गंमत अशी, की त्या गरीब व्हीसीडीला कुलूपच नाही. डीव्हीडीला कुलूप होतं, वर देशांचे विभागही (आपला नंबर ५; अमेरिकेतल्या आत्याने पाठवलेली १ नंबरची डिस्क चालवायला ड्राइव्हचा विभाग बदलायचा, तोही पाचदाच). व्हीसीडीतली डॅट फाइल विंडोजवर सरळ उचलून ठेवता येते, लिनक्सवाल्यांना व्हीसीडीएक्सरिप आहे. मात्र जास्त व्हिडिओ मावावा म्हणून व्हीसीडीत चूक सुधारायचे जादा बिट्स वगळलेले असतात. त्यामुळे ओरखडा पडला की तो तुकडा गेलाच.

म्हणजे डिस्क अमर नाही, हे मला कळतं. त्यावर बुरशी येते, थर सुटतो. प्लेअरही दुर्मिळ होत चाललेत, ओप्पोने २०१८ मध्येच हात वर केले. म्हणून माझा हट्ट डिस्कच्या प्लास्टिकसाठी नाही, त्यातल्या फाइलसाठी आहे. उद्या कोणी कुलूप नसलेली फाइल रीतसर विकली, तर मी पहिला रांगेत. गाण्यांच्या बाबतीत अ‍ॅपलने २००९ मध्ये हे केलंच की! आयट्यून्सवरच्या गाण्यांचं कुलूप काढलं, म्हणून गाण्यांचा धंदा काही बुडाला नाही. सिनेमावाल्यांना मात्र अजून भीती वाटते. चोराकडे बिनकुलपाची प्रत पहिल्याच दिवशी असते, कुलूप लागतं ते पैसे भरणाऱ्यालाच.

सध्या दर रविवारी दहा-बारा सीडी उतरवतोय, दोन हार्डडिस्कवर, एक माझ्याकडे आणि एक ताईकडे. तुमच्याही घरी माळ्यावर असा गठ्ठा असेल तर पावसाळ्याआधी काढा. बाहेरून लावायचा यूएसबी ड्राइव्ह अजून मिळतो. सुरुवात नाटकांपासून करा, सिनेमे नंतर.