शिरेतल्या नळीची राखण

कॅन्सरच्या रोग्याला केमोथेरपीची औषधे बहुधा शिरेतून द्यावी लागतात. त्यातील काही औषधे इतकी जहाल असतात की हाताच्या बारीक शिरा त्यांनी कडक होतात आणि पुढे पुढे सुईला शीरच सापडत नाही. म्हणून डॉक्टर एक लांब, मऊ नळी बसवून देतात. दंडातून घातलेल्या नळीला ‘पिक लाईन’ म्हणतात. छातीच्या कातडीखाली लहानशी डबी बसवून तिला नळी जोडली, तर तो ‘केमो पोर्ट’. दोन्हींचे आतले टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते.

म्हणजे नळीच्या तोंडाला लागलेली घाण थेट रक्तात जाऊ शकते. त्यातच केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या सुमारास अंगातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. इतर वेळी शरीर ज्या जंतूंना परतवून लावते, तेच जंतू तेव्हा जीवघेणे ठरतात.

परळच्या टाटा रुग्णालयात विदर्भ-मराठवाड्यापासून माणसे येतात. एका केमोपासून दुसऱ्या केमोपर्यंतचे दिवस ती धर्मशाळेत किंवा नातेवाइकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत काढतात. तेथे सिस्टर नसते. नळीची राखण घरच्यांनाच करावी लागते. तिला शिक्षण फारसे लागत नाही, शिस्त मात्र लागते.

पहिली शिस्त हाताची. नळीला हात लावण्यापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावेत. नळीच्या टोपणाचे तोंड स्पिरिटच्या कापसाने किमान पंधरा सेकंद घासावे व आपोआप वाळू द्यावे. फुंकर मारू नये, कारण तोंडातले जंतू तेथेच बसतात.

दुसरी शिस्त ड्रेसिंगची. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी आणि कापडी गॉझचे ड्रेसिंग दोन दिवसांनी बदलावे लागते. ओले झाले, मळले किंवा कडा सुटल्या, तर त्याच दिवशी बदलून घ्यावे. पिक लाईन असलेला दंड प्लास्टिकने घट्ट झाकून, पाण्यापासून दूर धरून आंघोळ करावी. जखमेवर हळद, अंगारा, तेल, पावडर काहीही लावू नये. नळीजवळ कात्री वापरू नये. त्या हाताने जड बादली उचलू नये आणि त्यावर रक्तदाबाचा पट्टा बांधू देऊ नये.

तिसरी शिस्त नळी वाहती ठेवण्याची. नळीत रक्ताची गुठळी झाली किंवा औषधाचा साका बसला की ती तुंबते. म्हणून पिक लाईन वापरात नसली तरी साधारणपणे आठवड्यातून एकदा सलाईनने धुतात. पोर्ट बहुधा महिन्याने धुतात. आपल्या रोग्यासाठी नेमके किती दिवसांनी, ते रुग्णालयातून लिहून घ्यावे. पिक लाईन घरी धुण्यास सिस्टरनी शिकवले असेल, तरच धुवावी. सिरिंज दहा मिलीची किंवा त्याहून मोठीच घ्यावी. लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो व नळी फाटू शकते. सलाईन थांबत थांबत ढकलावे. अडले, तर जोर लावू नये. गुठळी विरघळवण्याचे औषध रुग्णालयात असते. उघडलेली सलाईन पुन्हा वापरण्यासाठी ठेवू नये. पोर्टला ‘ह्यूबर’ नावाची वेगळी सुई लागते. गल्लीतल्या कंपाउंडरला त्यात साधी सुई टोचू देऊ नका.

आता धोक्याच्या खुणा. ताप १००.४ फॅरेनहाईट किंवा जास्त, नळी धुतल्यावर हुडहुडी, जखमेतून पू, लाली, तसेच हात किंवा मान सुजणे. यातले एकही दिसले तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी. डॉक्टरांना कळवण्याआधी तापाची गोळी देऊ नये. ताप उतरलेला दिसतो, पण रक्तातला रोग वाढत राहतो. नळी बाहेर सरकली तर आत ढकलू नये. तुटली तर तुटल्या जागेच्या वर, शरीराकडच्या बाजूला, ती दुमडून घट्ट धरावी आणि लगेच निघावे.

शेवटची गोष्ट संकोचाची. डॉक्टरसाहेबांना कसे विचारावे, म्हणून आपली माणसे पुष्कळदा गप्प बसतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी एक साधा नियम पाळला. नळी घालताना हात धुणे, जंतुनाशकाने त्वचा पुसणे, गरज संपताच नळी काढणे अशी पाच कामे ठरवली, आणि कोणी ती चुकवली तर त्याला तेथेच थांबवायचे. डॉक्टरलासुद्धा. दीड वर्षात नळीमुळे होणारे रक्तातील संसर्ग दोन तृतीयांशांपर्यंत घटले. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा माता-भगिनींनो, बंधूंनो, “सिस्टर, हात धुतलेत ना?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. नम्रपणे, पण अवश्य विचारा. प्रत्येक भेटीत “ही नळी अजून लागणार आहे का?” हेही विचारा. नळी बसवल्याची तारीख, ड्रेसिंगचा दिवस, धुण्याचा दिवस आणि रुग्णालयाचा तातडीचा फोन नंबर वहीच्या एका पानावर लिहून भिंतीला लावा. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर हे काम त्याच्याकडे द्यावे. ते एकही दिवस चुकू देणार नाही.