आरशाला खिडकी म्हणू नका

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण परवा मोठ्या उत्साहाने सांगत होता, "फादर, आता गाणी शोधावी लागत नाहीत. दर सोमवारी तीस नवी गाणी आपोआप मोबाइलवर येतात, आणि तीही नेमकी आपल्या आवडीची!" त्याचा आनंद खोटा नव्हता. सकाळ-संध्याकाळ लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करणाऱ्याला कानात चार सूर मिळाले तर त्याचा हेवा कोण करील? आम्ही त्याला एवढेच विचारले, "अरे, शोधावे लागत नाही, तर त्याला शोध कसे म्हणायचे? आणि तुझ्या आवडीचेच येते, तर ते नवे कसे?" तो हसला आणि निघून गेला. प्रश्न मात्र आमच्याच मनात घर करून राहिला. त्याचे जे उत्तर आम्हांस सापडले ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हे यंत्र करते तरी काय, ते आधी पाहू. १९९४ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'रिंगो' नावाची एक योजना तयार झाली. श्रोत्याने ई-मेलने गायकांना गुण द्यायचे. संगणक त्या गुणांची इतरांच्या गुणांशी तुलना करी आणि ज्यांची आवड जुळते त्यांनी नावाजलेले, पण आपण न ऐकलेले, असे काही सुचवी. कल्पना साधी होती आणि निरागसही. पुढे 'पँडोरा'ने दुसरी वाट धरली. संगीताचे जाणकार पगारावर ठेवून त्यांनी एकेका गाण्याची शेकडो गुणविशेषांनुसार नोंद केली. २००५ साली स्थापन झालेल्या 'एको नेस्ट' या कंपनीने गाण्याची लय, पट्टी, आवाजाची भरदारता यंत्राकडून मोजून घेतली आणि त्या गाण्याविषयी लोक काय लिहितात तेही यंत्राकडूनच वाचून घेतले. ही कंपनी २०१४ मध्ये 'स्पॉटिफाय'ने विकत घेतली, आणि जुलै २०१५ पासून दर सोमवारच्या त्या तीस गाण्यांचा रतीब सुरू झाला. भारतात ही सेवा फेब्रुवारी २०१९ मध्ये आली.

या सगळ्याच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. तुम्ही काल काय ऐकले, कुठे थांबलात, काय अर्ध्यावर सोडलेत, याची नोंद ठेवायची. तुमच्यासारख्याच नोंदी असलेली माणसे गोळा करायची. आणि त्यांच्या ताटातला घास तुमच्या ताटात वाढायचा. यात कपट नाही. बुद्धिमत्ता आहे, श्रमही आहेत. पण या पद्धतीने जे दिसते ते आपलेच मुखमंडल असते, थोडे उजळलेले, थोडे सजवलेले. त्याला आरसा म्हणावे. आमचा आक्षेप आरशाला नाही. आरशाला खिडकी म्हणून विकण्याला आमचा आक्षेप आहे.

हे केवळ एका धर्मगुरूचे कुरकुरणे आहे असे कोणास वाटेल, म्हणून त्या कंपनीच्याच घरातील साक्ष काढतो. २०२० मध्ये स्पॉटिफायच्या संशोधकांनी एका विद्यापीठीय संशोधकासह एक अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्राच्या शिफारशीने होणाऱ्या श्रवणात वैविध्य कमी असते, आणि ज्या श्रोत्यांचे श्रवण काळानुसार अधिक विविध होत गेले ते शिफारशींवरून स्वतःच्या निवडीकडे वळलेले होते, असे त्यात आढळले. घरच्याच वैद्याने नाडी पाहून सांगितले आहे. मग बाहेरच्याने वेगळे काय सांगावे?

येथे आमच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट सांगणे भाग आहे. सेमिनरीत असताना आमचे एक वयोवृद्ध प्राध्यापक रविवारी दुपारी पाच-सहा विद्यार्थ्यांना आपल्या खोलीत बोलावीत आणि जुन्या टेपरेकॉर्डरवर कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने लावीत. आम्ही गावाकडून आलेली पोरे. लग्नाच्या बँडवर आणि चर्चच्या ऑर्गनवर आमचे कान तयार झालेले. तो तुटक, झेपावणारा, मध्येच गप्प होणारा स्वर ऐकून पहिल्या रविवारी आम्हांस हसू आवरेना. प्राध्यापक रागावले नाहीत. "पुढच्या रविवारी या," एवढेच म्हणाले. दुसऱ्या रविवारी कंटाळा आला. तिसऱ्या रविवारी झोप आली. चौथ्या की पाचव्या रविवारी, केव्हा ते आता आठवत नाही, कसलासा पडदा सरकला आणि आमच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. आज पस्तीसेक वर्षे तो स्वर आमच्या सोबतीला आहे. मरणासन्न माणसाच्या उशाशी रात्र काढून परतताना आम्ही कितीदा त्याच स्वराच्या आधाराने घर गाठले आहे!

आता हाच प्रसंग यंत्राच्या हाती द्या. या सेवांच्या हिशेबात तीस सेकंद वाजले म्हणजे गाणे 'ऐकले' असे धरतात. आम्ही पहिल्या रविवारी तीस सेकंदही ऐकले नसते. यंत्राने मुकाट्याने नोंद केली असती की या मुलास हे रुचत नाही, आणि ते स्वर आमच्या वाटेतून दूर सारले असते. यंत्र आज्ञाधारक असते आणि गुरू हट्टी असतो. यंत्र आपल्या आजच्या आवडीवर विश्वास ठेवते. गुरूचा विश्वास आपल्या उद्याच्या आवडीवर असतो. ज्याला आपण खरोखर नवे म्हणतो ते बहुधा प्रथम नकोसेच वाटते. नकोसे ते बाजूला काढणाऱ्या साधनाला 'नवशोधाचे साधन' म्हणणे म्हणजे पाण्याला न उतरता पोहणे शिकविण्याची हमी देणे होय.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही टाळणार नाही. ते म्हणतील, "फादर, पूर्वी तरी माणसांनी काय दिवे लावले होते? रेडिओवर बसलेला एक साहेब ठरवी आणि सारा देश ऐके." हे म्हणणे निराधार नाही. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे हाती घेतल्यावर बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार केले. हार्मोनियमला तर १९४० पासून अनेक वर्षे त्या दाराआत प्रवेश नव्हता. माणसाचे शासन यंत्राहून अधिक जुलमी असू शकते, हे आम्ही मान्य करतो. आज कोटींनी मोजावी लागतील इतकी गाणी एका खिशात मावतात, हेही वैभवच आहे.

पण केसकरांच्या बाबतीत पुढे काय झाले ते पाहा. तो निर्णय कोणाचा हे सर्वांना ठाऊक होते. वृत्तपत्रांतून त्यावर टीका झाली. श्रोत्यांनी काटा फिरवला आणि ते सरळ रेडिओ सिलोनकडे गेले. तेथे अमीन सयानींच्या 'बिनाका गीतमाले'ने देशभर घरे बांधली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. ज्याला नाव आहे त्याच्याशी भांडता येते आणि भांडून जिंकताही येते. यंत्राशी कोणत्या पत्त्यावर भांडावे? माझ्यापुढे हे गाणे का आले आणि ते का आले नाही, हे विचारावयाचे तर कोणास? शिवाय त्याच रेडिओवर फर्माइशींची पत्रे वाचली जात. झुमरी तलैयाच्या कोणा अनोळखी श्रोत्याने मागितलेले गाणे आमच्याही कानी पडे. ते आम्ही मागितलेले नसे. म्हणूनच ते नवे असे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू, कारण येथे प्रश्न रसिकतेचा राहत नाही, सचोटीचा होतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपन्या रेडिओच्या निवेदकांना गुपचूप पैसे चारीत आणि निवेदक त्यांच्या तबकड्या वारंवार वाजवीत. या लाचेला 'पेओला' हे नाव पडले. १९५९-६० मध्ये तेथील संसदेच्या समितीने सुनावण्या घेतल्या. पैसे घेऊन काही वाजवीत असाल तर ते श्रोत्यास सांगितलेच पाहिजे, असा कायदा १९६० मध्ये झाला. ॲलन फ्रीड हा त्या काळचा नामांकित निवेदक. त्याची नोकरी गेली. १९६२ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला ३०० डॉलर दंड झाला.

नोव्हेंबर २०२० मध्ये स्पॉटिफायने 'डिस्कव्हरी मोड' नावाची योजना जाहीर केली. गायकाने वा त्याच्या कंपनीने आपले एखादे गाणे पुढे करण्यासाठी निवडावे. शिफारशींच्या ठरावीक जागी यंत्र त्या गाण्याला झुकते माप देईल. आणि तेथून जे श्रवण होईल त्याच्या मोबदल्यातून ३० टक्के कंपनी कापून घेईल. कंपनीचे म्हणणे असे की आधी रोख रक्कम घेतली जात नाही, आणि श्रोत्याला न रुचलेले गाणे यंत्र पुढे रेटीत नाही. असेल. दलाल आगाऊ पैसे न घेता विक्रीवर अडत घेतो म्हणून तो दलाल राहत नाही की काय? २०२१ मध्ये अमेरिकी संसदेतील जेरोल्ड नॅडलर व हँक जॉन्सन या दोन सदस्यांनी पत्र लिहून याविषयी कंपनीस जाब विचारला. एकाने सवलत दिली की दुसऱ्यासही द्यावी लागते आणि शेवटी सारेच कलावंत कमी मोबदल्यात राबतात, ही त्यांची भीती रास्त होती. शिफारशींमध्ये व्यापारी बाबींचाही विचार होऊ शकतो, अशी मोघम कबुली आतल्या पानांवर देता येते. पण कानात गाणे वाजत असताना 'हे सवलतीच्या बदल्यात पुढे आणले आहे' असे श्रोत्यास सांगणे ही वेगळी गोष्ट आहे. आमच्या त्या तरुणाला यातले काही ठाऊक नव्हते. यंत्राने आपली आवड ओळखली, एवढेच तो समजून होता. मित्राचा सल्ला आणि विक्रेत्याची आर्जवे यांतला भेद पुसून टाकणे ही फसवणूक नव्हे तर काय?

आणि या फसवणुकीची किंमत प्रथम कोण मोजतो? ज्यांचा आवाज लहान आहे ते. जे गाणे कोणी ऐकलेलेच नाही, त्याच्याविषयी यंत्राजवळ नोंद नसते. आणि नोंद नाही म्हणून ते सुचविले जात नाही. आहे रे त्याला मिळते, नाही रे तो दाराबाहेर राहतो. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की मागील १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकले गेलेले गाणे ध्वनिमुद्रणाच्या मोबदल्यास पात्र नाही. आता आपल्या वसईचा विचार करा. आपल्या सामवेदी आणि वाडवळ बोलींतील लग्नगीते गाणाऱ्या आजीबाई एकेक करून कमी होत आहेत. एखाद्या उमद्या पोराने त्यांचा आवाज मुद्रित करून या सेवांवर ठेवला, तर त्याला ऐकणारे किती? आणि जे ऐकतील त्यांच्या नोंदी कोणाच्या नोंदींशी जुळणार? लाखोंच्या पसंतीवर पोसलेल्या यंत्राला चार गावांची बोली म्हणजे हिशेबातला अपूर्णांक. त्या बोलीत गाणाऱ्याला मात्र ते पूर्ण जग असते.

तेव्हा आमचे मागणे काय? यंत्र मोडून टाका असे आम्ही म्हणत नाही. पहिले मागणे असे की जे गाणे व्यापारी सवलतीपोटी पुढे आणले गेले असेल, त्यावर तशी उघड खूण असावी. जे रेडिओला १९६० मध्ये बंधनकारक झाले ते मोबाइलला आज का नसावे? दुसरे, एखादे गाणे का सुचविले याचे साध्या भाषेत उत्तर मागण्याचा हक्क श्रोत्यास असावा. तिसरे, आपल्या प्रादेशिक भाषांच्या आणि बोलींच्या याद्या जाणत्या माणसांनी, आपल्या नावानिशी, कराव्यात. म्हणजे चूक झाली तर भांडता येईल आणि चांगले निघाले तर आभार मानता येतील.

पण सारे मागणे दुसऱ्यांकडे करून आपण हात झटकावेत हे बरे नव्हे. वाचकहो, दर सोमवारी यंत्र तुम्हांला तीस गाणी देते; तुम्ही या आठवड्यात कोणाला एक तरी गाणे दिलेत काय? आपल्या मुलाला, शेजाऱ्याला, गायकवृंदातील नव्या पोरीला समोर बसवून "हे ऐक, आज आवडणार नाही, तरी पुन्हा ऐक" असे म्हटलेत काय? प्राध्यापकांनी आम्हांस जे दिले ते आमच्या आवडीकडे पाहून दिले नव्हते. त्यांचे त्या संगीतावर प्रेम होते आणि आमच्यावरही होते. या दोन प्रेमांची गाठ जेथे पडते तेथे शोध लागतो.

त्या तरुणाला आम्ही येत्या रविवारी दुपारी बोलाविले आहे. टेपरेकॉर्डर केव्हाच बिघडला. गाणे त्याच्याच मोबाइलवर लावू. पहिल्या दिवशी तो हसेल, हे ठाऊक आहे. त्याला पुढच्या रविवारचेही आमंत्रण आताच देऊन ठेवले आहे.