बाबा, फडकं आणि ४३ इंच

दिवाळीच्या साफसफाईत माझ्याकडे एकच खातं असतं. टीव्ही. माळे, पंखे, किचनच्या ट्रॉल्या हे बाकीच्यांनी आपापसात वाटून घ्यावं, पण टीव्हीला हात लावायचा नाही. कारण सरळ आहे राव, त्याचे बारा हप्ते मी भरलेत. २०२१च्या दसऱ्याला घेतलेला ४३ इंची एलईडी! आमच्या वाकडच्या वन बीएचकेमध्ये तो घरातला सगळ्यात मोठा माणूस वाटतो.

२०२४च्या दिवाळीला आई-बाबा मिरजेहून आले. वसुबारसेच्या संध्याकाळी मी ऑफिसातून घरी पोचलो, तर बाबा टीव्हीसमोर उभे. एका हातात काच पुसायच्या स्प्रेची बाटली, दुसऱ्या हातात पेपरचा बोळा, आणि चेहऱ्यावर समाधान. ‘‘अरे, किती धूळ रे ही! बघ, कसा लख्ख केलाय.’’

मी टीव्ही लावला. डाव्या बाजूला, साधारण मधोमध, तीन पांढरे गोल ठिपके. रुपयाच्या नाण्याएवढे. मागून कुणीतरी टॉर्च मारतंय असे.

मग मी बोललो. काय बोललो ते इथं छापत नाही. ‘बाबा, तुम्हाला सांगितलं होतं कुणी?’ हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. बाबा काहीच म्हणाले नाहीत. बोळा उलगडला, पेपर सरळ करून घडी घातली आणि बाल्कनीत जाऊन बसले. त्यानंतरचे दोन दिवस ते बातम्यांच्या वेळी मला विचारायचे, ‘‘लावू का रे?’’ स्वतःच्या मुलाच्या घरात, रिमोट समोर पडलेला असताना!

आता बाबांची बाजू ऐका. त्यांचं सगळं शिक्षण जुन्या डबा टीव्हीवर झालेलं. त्याची पिक्चर ट्यूब म्हणजे जाडजूड काच. आत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असायचा, त्यामुळे पडद्यावर स्थिर वीज साठायची. बंद केल्या केल्या हात जवळ नेला की केस उभे राहायचे, आठवतंय? तीच वीज घरातली धूळ ओढून घ्यायची. पण काच ती काच. ओला पेपर घासा, स्प्रे मारा, तिला ढिम्म फरक पडायचा नाही.

मग डबा गेला आणि भिंतीवर पाटी आली. आपण काय समजलो, तीच काच, फक्त चपटी झाली. तिथंच घोळ आहे. बहुतेक एलसीडी आणि एलईडी टीव्हीत सगळ्यात पुढे प्लॅस्टिकची पातळ पोलरायझर फिल्म असते आणि तिच्यावर चकाकी मारणारा नाजूक थर. काचेच्या स्प्रेमधला अमोनिया किंवा अल्कोहोल त्या थराला खातं. पेपर आणि टिश्यू लाकडाच्या तंतूंचे, त्यांनी बारीक चरे उठतात. तेव्हा बाबांची पद्धत शंभर टक्के चूक होती. यावर मी आजही ठाम आहे.

ठिपके मात्र त्यांनी पाडलेले नव्हते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी टेक्निशियन आला. सोफ्यापाशी उभं राहून, टीव्हीला हातही न लावता म्हणाला, ‘‘साहेब, लेन्सा पडल्यात.’’ आमच्यासारख्या टीव्हीत पडद्याच्या मागे एलईडींच्या पट्ट्या असतात. प्रत्येक एलईडीवर प्लॅस्टिकची छोटी टोपी चिकटवलेली असते, उजेड सगळीकडे सारखा पसरावा म्हणून. तापून तापून गोंद सुटतो, टोपी गळून पडते आणि तो एलईडी उघडा पडतो. तोच आपला पांढरा ठिपका. ‘‘पुसण्यानं हे होत नाही,’’ तो म्हणाला.

‘‘आणि एक ठिपका गणपतीतच आला होता,’’ आतून बायकोचा आवाज. ‘‘तूच म्हणालास, चॅनलचा लोगो असेल.’’

मी विषय बदलणार होतो, तेवढ्यात त्यानं मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरकी धरली. उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा धुरकट पट्टा. ‘‘इथं कुणी सॅनिटायझर मारलंय का?’’

हॉलमध्ये शांतता. टीव्ही आला तेव्हा कोविडची भीती गेलेली नव्हती आणि घरात सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन होता. दर रविवारी मोठ्या प्रेमानं कोण पुसायचं, ते वर सांगितलंच आहे. खातं माझं.

ठिपके गेले. दोघांनी मिळून टीव्ही आडवा केला, पॅनेल उचललं, टोप्या परत चिकटवल्या. हे काम घरी करायला जाऊ नका, पॅनेल जरा वाकलं की संपलं. धुरकट पट्टा मात्र आहे तसाच आहे. थर गेला की गेला, आणि नवीन पॅनेलच्या पैशात जवळपास नवा टीव्ही येतो.

जाताना त्यानं एक सोपी परीक्षा शिकवली. टीव्ही बंद करून टॉर्च तिरकी धरा. डाग दिसला तर तो पडद्यावरच आहे. बंद असताना दिसत नाही पण चालू केल्यावर दिसतो, तर भानगड आतली. टाचणीच्या टोकाएवढा काळा बिंदू हटतच नसेल तर तो मेलेला पिक्सेल असू शकतो. फुल एचडी पडद्यावर असे २० लाख ७३ हजार ६०० असतात, एखादा दगावतो. अंधूक सावलीसारखा ठिपका म्हणजे बऱ्याचदा आतल्या थरांत शिरलेली धूळ. या दोन्हींवर फडकं चालत नाही. उगीच दाबून घासलंत तर आणखी पिक्सेल जातील.

वरच्या डागांना फार काही लागत नाही. टीव्ही बंद करून गार होऊ द्या, काळ्या पडद्यावर धूळही नीट दिसते. चष्म्याबरोबर मिळतो तसला मऊ मायक्रोफायबर कपडा हलक्या हातानं फिरवा. कोरडं खसाखसा घासलं की प्लॅस्टिकवर पुन्हा स्थिर वीज तयार होते आणि धूळ दुप्पट उत्साहानं परत येते. ओपन किचनवाल्यांच्या पडद्यावर फोडणीचा तेलकट थरही असतो, त्यासाठी कपडा किंचित ओला करा. पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्यानं क्षारांचे पांढरे ठिपके पडतात, म्हणजे एक डाग काढायला जाऊन दहा! अगदीच चिकट असेल तर त्या पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब. आणि काहीही झालं तरी स्प्रे थेट पडद्यावर मारायचा नाही. ओघळ खालच्या पट्टीतून आत शिरतो, आणि आत सर्किट असतं.

टेक्निशियन गेल्यावर मी बाल्कनीत गेलो. बाबा पेपर वाचत होते. ‘सॉरी’ आमच्या घरात कुणी कुणाला म्हणत नाही, त्यामुळे सुरुवात कशी करावी कळेना. शेवटी चष्म्याचा कपडा त्यांच्या पुढ्यात धरला. ‘‘बाबा, तुम्ही इथं आहात तोवर टीव्हीचं खातं तुमच्याकडे.’’

त्यांनी पेपर खाली केला, कपडा बोटांत चोळून पाहिला, हॉलमध्ये नजर टाकली.

‘‘आधी बंद कर तो,’’ म्हणाले. ‘‘गार होऊ दे.’’