वाचून न दाखवलेली नोंद



आसामात आपण जिला ब्रह्मपुत्रा म्हणतो, ती नदी तिबेटात त्सांगपो या नावाने शेकडो मैल पूर्वेकडे वाहत जाते. पठारावरील तिची चाल संथ आहे. परंतु नामचा बारवा (७,७८२ मीटर) आणि ग्याला पेरी (७,२९४ मीटर) या दोन हिमशिखरांच्या मधल्या चिंचोळ्या दरीत ती शिरते आणि तिचा स्वभावच पालटतो. शिखरांचे माथे आणि नदीचे पात्र यांच्या उंचीत येथे ५,००० मीटरांहून अधिक अंतर पडते. वरच्या उतारांवर सूचिपर्णी वृक्ष आणि ऱ्होडोडेंड्रॉनची दाट राई. खाली उतरावे तसा बांबू, वेली, ओल आणि जळवा. या अरण्यप्रदेशाला पेमाको म्हणतात. गुरू पद्मसंभवांनी संकटकाळासाठी राखून ठेवलेल्या गुप्त भूमींपैकी ही एक, अशी तिबेटी बौद्धांची श्रद्धा आहे. येथील डोंगर, झरे आणि नदी मिळून वज्रवाराही देवीचा देह होतो, असे ते मानतात.

दरीच्या तोंडाशी ग्याला नावाचे लहानसे गाव आहे. गावासमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर, एक ओढा उंच कड्यावरून खाली झेपावतो. पाण्याच्या पडद्यामागे शिंजे चोग्याल, म्हणजे यमधर्मराज, यांची आकृती आहे, असे यात्रेकरू मानतात. उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी वाढले की आकृती झाकली जाते. पाणी ओसरले की तिचे दर्शन घडते. हा धबधबा मोठ्या नदीचा नव्हे, तिला येऊन मिळणाऱ्या एका ओढ्याचा आहे. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील सारी कथा या एका भेदावर उभी आहे.

एकोणिसाव्या शतकात भूगोलतज्ज्ञांना एक कोडे पडले होते. त्सांगपो हीच ब्रह्मपुत्रा काय? आणि असल्यास, सुमारे ३,००० मीटर उंचीवरून दरीत शिरणारी नदी आसामच्या मैदानात जेमतेम १५० मीटर उंचीवर बाहेर पडते, तेव्हा मधल्या अज्ञात टप्प्यात एखादा प्रचंड धबधबा असलाच पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. तिबेटात गोऱ्या अधिकाऱ्यांना प्रवेश नव्हता. म्हणून भारतीय सर्वेक्षण खात्याचे कॅप्टन हेन्री हरमन यांनी १८८० साली एका लामाला यात्रेकरूच्या वेषात पाठवले आणि त्याच्यासोबत सेवक म्हणून किंथुप नावाचा सिक्कीमचा एक तरुण दिला. किंथुप निरक्षर होता. पूर्वी तो नेम सिंग या सर्वेक्षकाबरोबर ग्यालापर्यंत जाऊन आला होता.

कामगिरी अशी होती : दरीत जितके खाली जाता येईल तितके जावे, खुणेची नळी बसवलेले ५०० ओंडके तयार करावेत आणि ठरलेल्या दिवसांपासून रोज ५० याप्रमाणे नदीत सोडावेत. खाली आसामात हरमन यांची माणसे पहारा ठेवतील. ओंडके दिसले की दोन्ही नद्या एकच, हे सिद्ध होईल.

लामाने मात्र पैसे उधळले आणि पुढे तोंगक्युक येथील किल्लेदाराला किंथुप चक्क विकून टाकून तो निघून गेला. काही महिन्यांनी किंथुप तेथून निसटला. तो घरची वाट धरता, तर कोणी बोल लावला नसता. पण तो दरीच्या दिशेनेच गेला. पाठलाग करणारे मारपुंगच्या मठाशी येऊन पोहोचले, तेव्हा तेथील प्रमुख लामांनी ५० रुपये मोजून त्याला विकत घेतले. मालक बदलला, दास्य तेच राहिले.

मठाची सेवा करता करता त्याने यात्रेसाठी रजा मागितली. त्या रजेत जंगलात राहून त्याने ५०० ओंडके तोडले आणि एका गुहेत दडवून ठेवले. पुन्हा मठात परतला. काही काळाने पुन्हा रजा घेऊन तो ल्हासाला गेला. तेथे भेटलेल्या एका सिक्कीमी गृहस्थाकडून त्याने नेम सिंगच्या नावे पत्र लिहवून घेतले : अमुक महिन्याच्या अमुक दिवसांत मी ओंडके सोडीन, हरमनसाहेबांना कळवावे. ल्हासाहून तो सरळ दार्जिलिंगला जाऊ शकला असता. तो मारपुंगला परतला आणि आणखी नऊ महिने राबला. त्याची भक्ती पाहून लामांनी शेवटी त्याला मुक्त केले. मग बिपुंग येथून त्याने दहा दिवस, रोज ५० या हिशेबाने, ओंडके नदीत सोडले.

ते पाहण्यास कोणीही नव्हते. पत्र वेळेवर पोहोचले नाही. हरमन प्रकृती खालावल्याने हिंदुस्थान सोडून गेले होते. पाचशे ओंडके आसामातून समुद्राकडे वाहत गेले, आणि १८८४ साली किंथुप रिकाम्या हाताने दार्जिलिंगला परतला.

त्याने आपली हकिगत तोंडी सांगितली. ती कोणी लिहून घेतली, तिचे भाषांतर झाले आणि १८८९ साली ती छापली गेली. त्या अहवालात लिहिले होते की पेमाकोचुंग मठाजवळ त्सांगपो नदी शिंजे चोग्याल नावाच्या कड्यावरून सुमारे १५० फूट खाली कोसळते आणि तेथे इंद्रधनुष्य दिसते. भूगोलतज्ज्ञांना हवा होता तो धबधबा मिळाला.

१९१३ साली फ्रेडरिक बेली आणि हेन्री मोर्सहेड हे दोन अधिकारी पेमाकोचुंगपर्यंत पोहोचले. तेथे नदीचा उतार होता तो सुमारे ३० फुटांचा. तुषार होते, इंद्रधनुष्यही होते. १५० फूट मात्र नव्हते. किंथुपने अतिशयोक्ती केली, असे ठरवून प्रकरण मिटवणे सोपे होते. बेलींनी तसे केले नाही. परतल्यावर त्यांनी त्याचा शोध घेतला. तीस वर्षांपूर्वीचा तो मनुष्य दार्जिलिंगात शिंपीकाम करून पोट भरत होता. त्याला सिमल्यास बोलावून त्यांनी प्रश्न विचारले. किंथुपने सांगितले ते असे : नदीचा धबधबा सुमारे तीस फुटांचाच. दीडशे फुटांचा, तो ग्यालासमोरच्या ओढ्याचा, देवाचा. लिहिणाऱ्याने वा भाषांतर करणाऱ्याने दोन धबधबे एकत्र केले होते. अहवाल इंग्रजीत होता. ज्याच्या नावावर तो होता, त्याला तो वाचता येत नव्हता.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यावर चढली. ओढ्याची उंची नदीच्या नावे पडली आणि तीस वर्षे ताळा जुळेना. किंथुपची रोजकीर्द चोख होती. चूक खतावणीत होती.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. १९२४ साली फ्रँक किंग्डन-वॉर्ड आणि लॉर्ड कॉडर दरीत आणखी खोल गेले. महाकाय धबधबा त्यांनाही दिसला नाही. १९९८ साली इयान बेकर आणि त्यांचे साथीदार मधल्या, न पाहिल्या गेलेल्या टप्प्यात उतरले, तेव्हा १०० फुटांहून थोडा अधिक उंचीचा एक धबधबा त्यांना आढळला. वृत्तपत्रांनी त्याला शोध म्हटले. तेथील शिकाऱ्यांना तो पूर्वीपासून ठाऊक होता. वाट त्यांनीच दाखवली होती.

आज तेथे परदेशी माणसाला विशेष परवान्याविना जाता येत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्यालाजवळ हिमनदीचा राडारोडा कोसळून त्सांगपो काही काळ अडली होती. जुलै २०२५ मध्ये चीनने या नदीच्या खालच्या टप्प्यावर प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. त्याचा हिशेब अरुणाचल आणि आसामच्या लोकांनाही मांडावा लागणार आहे.

किंथुपच्या वाट्याला काय आले? त्याला निवृत्तिवेतन द्यावे, असा आग्रह बेलींनी धरला. हा मनुष्य नव्वद वर्षे जगला तर काय, या विचाराने सरकारने ते नाकारले आणि एकरकमी १,००० रुपये दिले. त्यानंतर थोड्याच काळात तो वारला. आयुष्यभर अशा प्रस्तावांवर सह्या केलेल्या माणसाला त्या टिपणीची भाषा नव्याने समजावून सांगावी लागत नाही. दायित्व मर्यादित ठेवण्यात नियमाचा भंग नव्हता. चार वर्षे ज्याने दिलेला शब्द एकट्याने सांभाळला, त्याच्या बाबतीत तेवढेच पुरेसे होते का, हा प्रश्न उरतो.

बँकेत निरक्षर खातेदाराचा अंगठा घेण्यापूर्वी कागदातील मजकूर त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि तसे लिहून द्यावे लागते. गर्दीच्या दिवशी हा सोपस्कार नकोसा होतो. किंथुपला त्याचा जबाब १८८४ साली कोणी असा वाचून दाखवला असता, तर तो तेथल्या तेथे म्हणाला असता, "साहेब, तो धबधबा नदीचा नाही, ओढ्याचा आहे." एका वाक्याने तीस वर्षांचा संशय टळला असता.

आपल्या पेढ्यांवर, गोदामांत आणि घरांतही अशी माणसे आहेत, ज्यांचा शब्द आपण लिहितो आणि ज्यांना आपले लिहिणे वाचता येत नाही. हमालाने सांगितलेली पोत्यांची संख्या, कामगाराची उचल, घरकाम करणाऱ्या बाईचे खाडे. हिशेब जुळला नाही की संशय प्रथम त्यांच्यावर जातो. तो घेण्यापूर्वी वही उघडावी, त्यांना शेजारी बसवावे आणि नोंद मोठ्याने वाचावी. बेलींनी केले ते इतकेच.