हेलिकॉप्टर 'उपयोगी', शुक्र 'निरुपयोगी'? एका जुन्या हिशेबातली खोट (थ्रेड)

मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून निघाले, तेव्हा घराघरांत शौचालये नसलेल्या देशाने मंगळावर कशाला जावे, हा प्रश्न जोरात विचारला जात होता. २४ सप्टेंबर २०१४ रोजी यान मंगळाच्या कक्षेत शिरले आणि समर्थकांना उत्तर सापडले: किलोमीटरला सात रुपये, म्हणजे रिक्षापेक्षा स्वस्त! टाळ्या पडल्या, वाद मिटल्यासारखा झाला. प्रत्यक्षात दोन्ही बाजू एकाच वहीत हिशेब लिहीत होत्या. एकीने खर्चाची बाजू लिहिली, दुसरीने त्याच खर्चाला सवलतीचा शिक्का मारला. यानावर काय होते, हे फारसे कोणी विचारले नाही.

यानावर पाच उपकरणे होती. त्यांतले एक जेमतेम दोन किलोंचे, 'लायमन अल्फा फोटोमीटर'. हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश देतो. त्याचा जड भाऊ ड्युटेरियम किंचित वेगळ्या तरंगलांबीचा देतो. हलका हायड्रोजन ग्रहाच्या ओढीतून लवकर निसटतो, जड ड्युटेरियम मागे रेंगाळतो. त्यामुळे दोघांचे प्रमाण कळले की मंगळाने किती पाणी गमावले याचा अंदाज बांधता येतो. विहिरीच्या भिंतीवरच्या खुणांवरून जुनी पातळी ओळखावी, तसे. या उपकरणाबद्दल ना निंदकांनी लिहिले, ना भाटांनी.

या वहीत दोन रकाने असतात, 'उपयोगी' आणि 'निरुपयोगी'. अंतराळ-संशोधनाचा लोकप्रिय इतिहास या रकान्यांवरच उभा आहे आणि तो इतिहास म्हणून टिकत नाही. तपासून पाहण्यासाठी एकाच संस्थेच्या छपराखालचे दोन विषय घ्यावेत. नासा १९५८ मध्ये जन्मली ती १९१५ पासून विमानविद्येचे काम करणाऱ्या 'नाका' या संस्थेला पोटात घेऊन. नावातला पहिला 'ए' एरोनॉटिक्सचा, हे चंद्राच्या गोष्टीत रमलेले लोक विसरतात. तिच्या अहवालांच्या कपाटात हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आवाज आणि इतर ग्रहांवरून येणारा अतिनील प्रकाश हे विषय शेजारी शेजारी बसलेले आढळतात. कोणत्याही चतुर लेखापालाला विचारा. पहिला उपयोगी, दुसरा चैनीचा, असे तो डोळे मिटून सांगेल.

आधी उपयोगी विषय. पंख्याचे पाते हवेला ढकलते आणि प्रत्येक पाते समोरून जाताना कानावर एक ठोका पडतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ गुटिन याने १९३६ मध्ये याचे गणित मांडले. पात्यांची संख्या गुणिले सेकंदाला होणारे फेरे, हा मूळ सूर. व्हिएतनाममुळे जगाच्या कानात बसलेल्या 'ह्युई' हेलिकॉप्टरला दोन पाती आणि मिनिटाला ३२४ फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ ठोके. पण खरा कर्कशपणा पुढे आहे. पाते टोकाशी हवेचा भोवरा सोडत जाते आणि मागून येणारे पाते त्याच भोवऱ्यावर आदळते. शिवाय पुढे जाणाऱ्या पात्याचे टोक ध्वनीच्या वेगाच्या जवळ पोहोचते. ह्युई दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू येई, ते यामुळे. ब्रिटनमध्ये लाइटहिलने १९५२ मध्ये हवेतून निर्माण होणाऱ्या आवाजाचा सिद्धान्त दिला. फॉक्स विल्यम्स आणि हॉकिंग्ज यांनी १९६९ मध्ये तो हलत्या पृष्ठभागांना लागू केला. पुढे नासाच्या लँगली केंद्रात फेरी फरासत या इराणी वंशाच्या गणितज्ञाने ती समीकरणे संगणकावर सोडवता येतील अशा रूपात आणली. आज जगात कोठेही रोटरच्या आवाजाचे भाकीत करायचे तर याच वाटेने जावे लागते.

उत्तम विज्ञान, यात शंका नाही. मात्र 'उपयोगी' म्हणताना 'कोणाला' हा शब्द गिळला जातो. शांत हेलिकॉप्टरसाठी पैसा आणि घाई घेऊन पुढे आली ती अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन-संस्था. ह्यूज कंपनीने आपल्या लहान हेलिकॉप्टरची चार पाती पाच केली, शेपटीच्या पंख्याची दोन पाती कात्रीसारख्या रचनेत चार केली, फेरे कमी केले, धुराड्यावर आवाज गिळणारे नळकांडे बसवले. सीआयएने ते डिसेंबर १९७२ मध्ये एका रात्री लाओसमधून उत्तर व्हिएतनाममधील विन्ह शहराजवळ नेले आणि दूरध्वनीच्या तारांवर चोरटी जोडणी बसवली. पॅरिसमध्ये वाटाघाटी चालू होत्या आणि हनोईच्या मनात काय आहे ते ऐकायचे होते. व्हिएतनामवर रात्री टेहळणी करणारे 'वायओ-३ए' हे निःशब्द विमान युद्धानंतर पंखांवर मायक्रोफोन बांधून हेलिकॉप्टरांचा आवाज नोंदवण्याच्या कामाला लावले गेले, हाही याच कथेचा एक तुकडा.

ज्यांच्या छपरांवरून ही यंत्रे रोज घोंघावत होती, त्या नागरिकांचे काय? अमेरिकेत जेट विमानांच्या आवाजाला मर्यादा घालणारे नियम १९६९ मध्ये आले. हेलिकॉप्टरांसाठी तसे नियम यायला १९८८ साल उजाडले. हेलिकॉप्टर शांत करता येते, हे हेरांना १९७२ मध्ये ठाऊक होते. शेजाऱ्यांपर्यंत ते कायद्याच्या रूपाने पोहोचायला सोळा वर्षे लागली. या काळात ज्ञान कमी पडले नव्हते. फ्रेंचांनी शेपटीचा पंखा नळीत बंद करणारे 'फेनेस्ट्रॉन' १९६८ मध्येच उडवून दाखवले होते. तेव्हा पहिल्या रकान्यातली ही नोंद खरी असली, तरी ती अर्धीच आहे.

आता चैनीचा विषय. १९६० च्या दशकात शुक्राच्या हवेने प्रकाशरसायन जाणणाऱ्यांची झोप उडवली होती. शुक्राचे वातावरण जवळजवळ सगळे कार्बन डायऑक्साइडचे. सूर्याचा अतिनील प्रकाश त्याचे रेणू फोडतो आणि कार्बन मोनॉक्साइड व ऑक्सिजनचे अणू सुटतात. ते पुन्हा आपसांत जुळणे फार सावकाश होते. म्हणजे लाखो वर्षांत वरच्या थरांत ऑक्सिजन साचायला हवा होता. मरिनर-५ यान १९ ऑक्टोबर १९६७ रोजी शुक्राजवळून गेले. त्याच्या अतिनील उपकरणाला हायड्रोजनची आभा दिसली, ऑक्सिजनची चमक मात्र सापडली नाही. मंगळावर मरिनर-६, ७ आणि ९ यांच्या वर्णपटमापकांनीही विलक्षण स्थिर वातावरण दाखवले. कोलोरॅडो विद्यापीठातील चार्ल्स बार्थ आणि त्याचे सहकारी ही उपकरणे बनवत होते. फुटलेले रेणू पुन्हा जोडतो तरी कोण, एवढाच प्रश्न होता. पृथ्वीवर त्याचे कवडीचे मोल नव्हते.

उत्तर उत्प्रेरकांत सापडले. मंगळावर पाण्यापासून सुटणारे हायड्रोजनचे मूलक हे काम करतात, असे १९७२ मध्ये मांडले गेले. शुक्रावर संशयित होता क्लोरीन. फ्रान्समधील कॉन दांपत्य आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्येच शुक्राच्या अवरक्त वर्णपटात हायड्रोजन क्लोराइड ओळखले होते. रोनाल्ड प्रिनने १९७१ मध्ये त्याचे प्रकाशरसायन लिहिले, तर हार्वर्डच्या मायकेल मॅकेल्रॉय व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये शुक्राच्या हवेचे सविस्तर गणित मांडले. मुद्दा असा की नगण्य प्रमाणातला एखादा वायू, स्वतः न संपता, साऱ्या वातावरणाचे रसायन बदलू शकतो. स्वयंपाकात चिमूटभर विरजण हंडाभर दुधाला करते, ते येथे क्लोरीन हवेला करतो.

त्याच सुमारास स्पेस शटलच्या घन इंधनाच्या धुरातून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडेल, त्याचे काय होईल, असा प्रश्न नासापुढे आला. स्टोलार्स्की आणि सिसेरोन यांनी दाखवले की स्थितांबरात क्लोरीन ओझोनला उत्प्रेरकासारखा खातो. जून १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी त्या क्लोरीनचा मोठा स्रोत दाखवला: फ्रिज आणि फवाऱ्यांतले क्लोरोफ्लुरोकार्बन. येथे अतिशयोक्ती नको. रोलंड शुक्रावरून ओझोनकडे आला नाही. त्याला वाट दाखवली ती लव्हलॉकने समुद्रावरच्या हवेत मोजलेल्या याच वायूंनी. पण इशारा आला तेव्हा हवेतील क्लोरीनचे गणित करू शकणारे लोक तयार होते, कारण त्यांतल्या काहींनी ते आधी शुक्रासाठी केले होते. मॅकेल्रॉय त्यांतलाच एक.

मोजणीचेही तसेच. ओझोन सुमारे २५५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सर्वांत जास्त गिळतो. परत फेकलेल्या प्रकाशातली ही तूट पाहूनच मरिनर-७ ने १९६९ मध्ये मंगळाच्या दक्षिण ध्रुवावर ओझोनची खूण टिपली आणि याच तत्त्वावर १९७० पासून निंबस उपग्रह पृथ्वीचा ओझोन मोजू लागले. पृथ्वीसाठीचे गणित मांडणाऱ्यांत जे. व्ही. दवे होते. अहमदाबादेत के. आर. रामनाथन यांच्यासोबत ओझोनवर काम करून ते पुढे गेले होते. आपल्या शालेय पुस्तकांत ओझोनचा धडा असतो, ही माणसे नसतात.

आता त्या बहुचर्चित आख्यायिकेबद्दल. मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी हॅली बे येथील जमिनीवरच्या उपकरणाच्या नोंदींवरून अंटार्क्टिकावरील ओझोनची घसरण जाहीर केली. तेव्हापासून 'नासाच्या संगणकाने ते आकडे चूक समजून फेकून दिले होते' ही गोष्ट व्याख्यानांत, पुस्तकांत आणि आता रील्समध्ये फिरते. ती खोटी आहे. अतिशय कमी आकड्यांवर संशयाची खूण लावली जाई, ते नष्ट होत नसत. १९८४ मध्येच अभ्यासकांच्या नजरेत ते भरले होते. दक्षिण ध्रुवावरील जमिनीच्या उपकरणाचे आकडे मात्र भलतेच जास्त येत होते आणि ते चुकीचे निघाले. पी. के. भारतिया आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट १९८५ मध्ये प्रागच्या परिषदेत हे निरीक्षण मांडले. फार्मनचा मान याने कमी होत नाही. पण 'मूर्ख यंत्र आणि शहाणा माणूस' ही चुरचुरीत कथा ऐकवताना ज्यांनी शंका घेऊन पडताळणी केली त्यांची मेहनत पुसली जाते.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. पुढे जगातल्या प्रत्येक देशाने तो स्वीकारला. निरुपयोगी रकान्यातल्या नोंदीचा हा हिशेब कोणत्या आकड्यात मांडायचा?

यावर आक्षेप ठरलेला आहे: 'म्हणजे शेवटी उपयोगच झाला ना! मग उपयोगाची कसोटी बरोबरच.' आक्षेप चतुर आहे, पण त्यात काळाची गफलत आहे. कसोटी लावली जाते ती पैसा देताना, उपयोग कळतो तो वीस वर्षांनी. १९६७ मध्ये 'शुक्रावर ऑक्सिजन का नाही' या प्रस्तावात ओझोनचे रक्षण असे लिहिणे कोणालाही शक्य नव्हते. सिनेटर प्रॉक्समायर याने १९७५ पासून सरकारी उधळपट्टीला 'गोल्डन फ्लीस' नावाचा उपहासाचा पुरस्कार देणे सुरू केले आणि १९७८ मध्ये तो परग्रहावरील बुद्धिमान जीवांच्या शोधाला दिला. त्याच्या चाळणीतून शुक्राचा क्लोरीन तरी सुटला असता का?

समर्थकांची 'स्पिन-ऑफ'ची यादी तर याहून लटकी. टेफ्लॉन, वेल्क्रो, टँग हे अंतराळ मोहिमांचे वरदान म्हणून मोजले जातात. टेफ्लॉन १९३८ मध्ये ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत अपघाताने सापडले. वेल्क्रो स्विस अभियंता द मेस्त्राल याचे. टँग जनरल फूड्सने नासाच्या जन्माआधी, १९५७ मध्ये तयार केले. खोट्या उपयोगांनी खऱ्या जिज्ञासेचा बचाव करणारे शेवटी वहीवाल्यांचेच काम करतात. कारण यादी खोटी ठरली की जिज्ञासाही खोटी ठरवली जाते.

३० एप्रिल २०२१ रोजी मंगळावर पर्सिव्हिअरन्स गाडीच्या मायक्रोफोनने सुमारे ८० मीटरवरून उडणाऱ्या 'इन्जेन्युइटी' या चिमुकल्या हेलिकॉप्टरचा आवाज टिपला. मिनिटाला २५३७ फेरे, प्रत्येक रोटरला दोन पाती, नोंदलेला सूर ८४ हर्ट्झ. गुटिनच्या १९३६ च्या नियमाने कागदावर गुणाकार केला तरी आकडा तोच येतो. ही नोंद कोणत्या रकान्यात घालायची, ते वही घेऊन बसलेल्यांनी ठरवावे.