तुरुंग दाखवा, तो चालवणारे सरकारही दाखवा

पोर्ट ब्लेअरचे, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमचे सेल्युलर जेल ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण केले. तेव्हापासून तिथल्या मांडणीचा सारा भर राजबंद्यांच्या त्यागावर आहे. सावरकर बंधू, बारींद्रकुमार घोष, उल्हासकर दत्त ही नावे तिथे असायलाच हवीत. परंतु ही वास्तू मुळात सरकारी इमारत होती. कायदे, समित्या, अहवाल आणि हिशेबाच्या वह्या यांतून ती उभी राहिली व चालली. तिथे कोणी सोसले हे कळते, पण एका सुव्यवस्थित सरकारने ते कसे घडवून आणले हे फारसे कळत नाही. संग्रहालयाने हा दुसरा भागही तितक्याच ठळकपणे सांगायला हवा.

जेलचा जन्मच याची साक्ष देतो. अंदमानात कैद्यांची वसाहत मार्च १८५८ पासून होती आणि हजारो जन्मठेपी तिथे उघड्यावर राबत होते. १८९० मध्ये चार्ल्स लायल आणि डॉ. लेथब्रिज यांनी वसाहतीची पाहणी केली. काळ्या पाण्याचा धाक उरलेला नाही, उलट हिंदुस्थानातल्या तुरुंगांपेक्षा कैद्यांना अंदमानच बरे वाटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून नव्या कैद्याला आधी काही महिने एकांतात, कडक शिस्तीत ठेवावे, अशी शिफारस झाली. त्यासाठी १८९६ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १९०६ मध्ये ते पुरे झाले. मधला मनोरा, त्याभोवती सात तीनमजली इमारती आणि जवळजवळ सातशे कोठड्या. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. बांधणारे हातही कैद्यांचेच. थोडक्यात, राजबंदी यायच्या आधीच हा एकांत कागदावर ठरला होता, आणि तो ठरवला होता साध्या गुन्हेगारांसाठी. १९०९ नंतर क्रांतिकारक आले ते या तयार यंत्रात.

हे यंत्र फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांवर चालत नव्हते. जेलर बारी एकटा होता. कोलूवर रोजचे ठरलेले तेल भरते की नाही हे पाहायला वॉर्डर, पेटी ऑफिसर, जमादार होते आणि ते कैद्यांमधूनच निवडले जात. कैद्याला कैद्यावर नेमून सरकार स्वस्तात राज्य करत होते. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न घालताना महावीर सिंह यांच्यासह तिघे दगावले; तेही जेलच्या रीतसर वैद्यकीय व्यवस्थेच्या हातून. १९४२ ते १९४५ या काळात बेटे जपान्यांच्या ताब्यात होती आणि त्याच कोठड्यांत हेरगिरीच्या संशयावरून स्थानिक लोकांचा छळ झाला. डॉ. दिवान सिंग यांचा जानेवारी १९४४ मध्ये इथल्याच छळाने अंत झाला. मालक बदलला, इमारतीचे काम तेच राहिले.

यावर पहिला आक्षेप असा, की चोर-दरोडेखोरांच्या कथा आणि सरकारी अहवाल यांनी तीर्थस्थळाचे पावित्र्य कमी होईल. ही भीती सहज फेटाळण्यासारखी नाही. माजी राजबंद्यांनी आवाज उठवला म्हणून तर उरलेल्या इमारती वाचल्या. सातांपैकी आज तीनच उभ्या आहेत आणि पाडलेल्या भागाच्या जागी रुग्णालय झाले. तरीही यंत्रणा नीट समजली की तिच्याशी झुंजणाऱ्यांचे मोल वाढते, घटत नाही. आणि ज्या सामान्य कैद्यांची कुटुंबे पुढे इथेच वसली, त्यांच्या वंशजांचे हे बेट आहे. त्यांना स्वतःच्या गावातल्या संग्रहालयात पाहुणे करून ठेवणे न्यायाचे नाही. दुसरा आक्षेप महाराष्ट्रात जास्त ऐकू येईल: असली कागदपत्रे मांडली की विनायक सावरकरांच्या सुटकेच्या अर्जांचा वाद पुन्हा पेटेल. तो विझलेला कधीच नव्हता. १९१३ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृहसदस्य रेजिनाल्ड क्रॅडॉक जेलमध्ये आले तेव्हा सावरकरांसह इतर राजबंद्यांनीही आपली बाजू मांडली होती. अर्जाची पद्धत काय होती, इतरांनी काय मागितले, सरकारने आत काय नोंदवले हे सारे एकत्र लावले, तर भक्ताला आणि टीकाकाराला दोघांनाही एकेका ओळीवर भांडण्याऐवजी पूर्ण फाइल वाचावी लागेल.

केंद्रीय संस्कृती मंत्रालय आणि अंदमान प्रशासनाने यासाठी नवी इमारत उभारण्याची गरज नाही. लायल-लेथब्रिज अहवाल, जेलचे नियम, कामाचे तक्ते आणि जपानी काळाच्या नोंदी यांचे एक कायम दालन उरलेल्या तीनपैकी एका इमारतीत करावे, आणि त्यातला मजकूर हिंदी-इंग्रजीबरोबर बंगाली, मराठी, पंजाबी, तमिळमध्येही लावावा. कायद्याच्या चौकटीत राहून सरकार किती निर्दय होऊ शकते, हे लोकशाहीतल्या नागरिकाला याच इमारतीत शिकायला मिळाले पाहिजे.